बशीतल्या कातडीचं वय

प्रश्न : आमच्या शेजारचा मुलगा पुण्याला एका प्रयोगशाळेत शिकतो. गणपतीला घरी आला तेव्हा सांगत होता, की माणसाच्या कातडीचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी बशीत वाढवतात; पण काही महिन्यांनी त्या वाढायच्या थांबतात, म्हाताऱ्या होतात. आता म्हणे त्यांचं आयुष्य वाढवायची युक्ती सापडली आहे. हे खरं का? बशीतल्या पेशींचं आयुष्य वाढतं, तर माणसाचं का वाढू नये? आणि इथे धाटावच्या एमआयडीसीत माणसं भाजतात, त्यांना या वाढवलेल्या कातडीचा काही उपयोग होतो का?
— एक वाचक, रोहा

उत्तर : मुलगा खरं सांगतो आहे. फक्त युक्ती 'आता' सापडलेली नाही. जानेवारी १९९८ मध्ये ती 'सायन्स' साप्ताहिकात छापून आली, म्हणजे तो बहुधा तेव्हा जन्मलाही नसेल. तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळेच घ्यायला हवेत. पहिल्याचं उत्तर 'होय' आलं म्हणून दुसऱ्याचं 'होय' येत नाही, आणि तिसऱ्याचं उत्तर तर या दोघांना वळसा घालून भलतीकडूनच येतं.

आधी बशीत काय चालतं ते पाहू. शस्त्रक्रियेत निघालेला त्वचेचा नखाएवढा तुकडा यासाठी पुरतो. त्यात मुख्यतः दोन जातींच्या पेशी असतात. वरच्या पातळ थरात केराटिनोसाइट. या केराटिन बनवतात आणि शेवटी मळाबरोबर, कोंड्याबरोबर झडून जातात. खालच्या जाड थरात फायब्रोब्लास्ट. या कोलॅजनचे धागे विणतात. एन्झाइम वापरून दोन्ही सुट्या करतात आणि प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये, गुलाबी द्रवात, ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. त्या द्रवाला सगळे 'मीडिया' म्हणतात. त्यात साखर, क्षार, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि बहुतेक वेळा वासराच्या रक्तातलं सीरम असतं. पेशी खाऊन-पिऊन आम्ल सोडू लागल्या की गुलाबी रंग पिवळट होतो, मग मीडिया बदलायचा. तळ पेशींनी भरून गेला की ट्रिप्सिन घालून त्या सोडवायच्या आणि अर्ध्या-अर्ध्या दोन फ्लास्कांत टाकायच्या. याला 'पॅसेज' म्हणतात. कितवा पॅसेज ते फ्लास्कवर पेनने लिहून ठेवतात आणि त्यावरूनच त्या पेशींचं वय सांगतात. इथे वय दिवसांत मोजत नाहीत, दुपटींत मोजतात.

या दुपटींना मर्यादा असते, हे मान्य व्हायला विज्ञानाला फार वेळ लागला, आणि त्याला कारण एक मोठा माणूस. अलेक्सी कारेल हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले शल्यविशारद, १९१२ चे नोबेल विजेते. त्याच वर्षी त्यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवला. त्या पेशी १९४६ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षं वाढत राहिल्या; कारेल स्वतः त्याआधी दोन वर्षं वारले होते. यावरून जगाने धडा घेतला, की शरीराबाहेर पेशी अमर असतात. ज्यांच्या प्रयोगशाळेत पेशी मरत, ते आपलंच काहीतरी चुकलं म्हणून गप्प बसत. आज बहुतेक अभ्यासकांचं मत असं, की कारेल यांच्या भांड्यात खाद्य म्हणून जो गर्भाचा अर्क घालत, त्यातूनच ताज्या जिवंत पेशी आत जात असाव्यात.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधल्या लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी हा समज मोडला. माणसाच्या फायब्रोब्लास्ट पेशी सुमारे ५० दुपटींनंतर थांबतात, असं त्यांनी दाखवलं. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. पुरुषाच्या ४० दुपटी झालेल्या पेशी आणि स्त्रीच्या १० दुपटी झालेल्या पेशी त्यांनी एकाच भांड्यात मिसळल्या. भांडं तेच, मीडिया तोच, हात तेच. वेगळ्या ठेवलेल्या पुरुषाच्या पेशी थांबल्या, तेव्हा मिश्रण तपासलं तर त्यात स्त्रीच्याच पेशी वाढत होत्या. खोट मीडियात असती तर दोघी एकदमच थांबल्या असत्या. म्हणजे मोजदाद पेशीच्या आतच चालू असते. मधल्या काळात त्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या, तरी बाहेर काढल्यावर उरलेल्या दुपटीच तेवढ्या होतात. गोठलेली वर्षं हिशेबात येत नाहीत.

५० हा आकडा ऐकायला चिमुकला वाटतो. पण एका पेशीपासून सुरुवात केली आणि एकही फेकली नाही, तर ५० दुपटींनी सुमारे १,१२६ लाख कोटी पेशी होतील. माणसाच्या सबंध शरीरात साधारण ३७ लाख कोटी पेशी धरतात. म्हणजे एका पेशीतून तीस माणसांचा ऐवज. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे धाटावच्या वेळी लागेल.

अशा मर्यादित आयुष्याच्या पेशींशी तुमच्या घराचाही संबंध आलेला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लशीतले दोन्ही विषाणू माणसाच्या अशाच फायब्रोब्लास्ट पेशींवर वाढवतात. लशीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अशा पेशींच्या दोन जुन्या साठ्यांपैकी एक खुद्द हेफ्लिक यांनी १९६२ मध्ये तयार केला, दुसरा १९६६ मध्ये लंडनला झाला. त्या पेशी थांबतात, हाच त्यांचा गुण मानला गेला. अमर पेशींवर लस वाढवायला तेव्हा कोणी धजत नव्हतं, कारण अमर पेशी म्हटलं की कर्करोग डोळ्यांसमोर येई.

आणि ते उगाच नव्हतं. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या त्या आजवर थांबलेल्या नाहीत. 'हेला' पेशी त्या याच. लॅक्सबाई त्याच वर्षी गेल्या. पेशी घेताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. याच गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चर, शिकायला मुंबईची एक बाई गेली होती, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ चा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन, मुंबई विद्यापीठाची पीएचडी १९४९ ची. परत आल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ती संस्था पुढे टाटा मेमोरियलशी जोडली गेली आणि आज तिचा वारसा खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक'मध्ये चालतो. रोह्याहून मुंबईला जाताना पनवेलच्या पुढे लागतं तेच खारघर. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात असलेलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, एनसीसीएस, आज देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतं.

आता मोजदाद होते कशी ते पाहू. आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएचं एक ठरावीक सहा अक्षरी पद हजारो वेळा गिरवलेलं असतं. या टोकाला टेलोमेअर म्हणतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, पण नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटचा तुकडा उतरवता येत नाही. दर वेळी पन्नास ते दोनशे अक्षरं गळतात. टोक फार आखूड झालं, की पेशीला ते तुटलेल्या डीएनएसारखं दिसतं आणि ती विभाजन कायमचं बंद करते. मरत नाही, नुसती बसून राहते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी मोठ्या, पसरट, आळसावलेल्या दिसतात. गळलेलं टोक पुन्हा भरणारं एन्झाइम, टेलोमरेज, १९८४ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर यांना तळ्यातल्या एका सूक्ष्म जीवात सापडलं. २००९ चं नोबेल या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं. माणसाच्या बीजपेशींत हे एन्झाइम चालू असतं, फायब्रोब्लास्टमध्ये बंद.

१९९८ ची युक्ती सरळ होती. त्या बंद एन्झाइमचं जनुक फायब्रोब्लास्टमध्ये घालायचं. कॅलिफोर्नियाची जेरॉन कंपनी आणि डॅलसचे वुडरिंग राइट व जेरी शे यांच्या चमूने ते केलं, आणि पेशी नेहमीची मर्यादा ओलांडून वाढत राहिल्या. गुणसूत्रं ठीक, वागणूकही कर्करोगासारखी नाही. वरच्या थरातल्या केराटिनोसाइटनी मात्र दाद दिली नाही. त्याच वर्षी असं दिसलं, की त्यांना दुहेरी कुलूप असतं. टोक भरलं तरी 'पी-सोळा' नावाचं दुसरं प्रथिन त्यांना थांबवतं, आणि ते मोडल्याशिवाय त्या पुढे सरकत नाहीत. हेच पी-सोळा कित्येक कर्करोगांत मोडलेलं सापडतं, हे इथे सांगून ठेवतो.

२०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या हेलन ब्लाउ यांच्या गटाने जनुक न घालता नुसती चिठ्ठी पाठवली, म्हणजे टेलोमरेज बनवायला सांगणारा एम-आरएनए. दोनेक दिवसांत चिठ्ठी विरून जाते. तेवढ्यात टोक सुमारे हजार अक्षरांनी वाढतं आणि मग पुन्हा नेहमीसारखं झिजू लागतं. फायब्रोब्लास्ट बऱ्याच जास्त वेळा विभागल्या, पण अमर झाल्या नाहीत. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते. याहून साधा उपाय मात्र १९७७ पासून माहीत आहे, तो म्हणजे इन्क्युबेटरमधला ऑक्सिजन कमी करणं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, शरीरात आतल्या पेशींना त्याहून बराच कमी मिळतो. आपण बशीत त्यांना नको तेवढी हवा पाजतो आणि त्या लवकर थकतात. २०२२ मध्ये केंब्रिजच्या बाब्राहम इन्स्टिट्यूटने आणखी वेगळं केलं. पेशीला पुन्हा गर्भातल्यासारखी बनवणारी, जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांची चार जनुकं मध्यमवयीन माणसांच्या त्वचेच्या पेशींत १३ दिवसच चालू ठेवून बंद केली. डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून वय मोजलं, तर पेशी तीसेक वर्षांनी तरुण निघाल्या. मथळे दणक्यात आले. पण हे मोजमाप खुणांचं आहे. त्या पेशी कोणाच्या अंगात तीस वर्षं जास्त जगल्या, असा त्याचा अर्थ नाही.

मग माणसाचं आयुष्य का वाढू नये? पहिली अडचण अशी, की बशीतलं वय आणि माणसाचं वय यांचं नातं आपण समजतो तितकं घट्ट नाही. म्हाताऱ्या माणसाच्या पेशी बशीत कमी वेळा विभागतात, असं बराच काळ शिकवलं जाई. १९९८ मध्ये विन्सेंट क्रिस्तोफालो आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्याच त्वचेचे नमुने घेऊन हे पुन्हा तपासलं, तेव्हा वय आणि दुपटी यांचा ताळमेळ लागला नाही. शिवाय माणूस जातो तो हृदय, मेंदू, मूत्रपिंडं थकल्याने. हृदयाच्या आणि मेंदूच्या बहुतेक पेशी मुळात विभागतच नाहीत. त्यांच्या दुपटी वाढवून काय करणार? तिसरी अडचण सगळ्यात मोठी. माणसाच्या दहापैकी साडेआठ-नऊ कर्करोगांत टेलोमरेज चालू झालेलं असतं. पेशीचं थांबणं ही शरीराने घातलेली वेस आहे. उन्हाने, रसायनाने बिघडलेली पेशी वाढू लागली तरी काही दुपटींनंतर त्या वेशीशी अडते. बशीत वेस पाडली तर फार तर एक फ्लास्क फेकावा लागतो, अंगात तसं करता येत नाही.

थांबलेल्या पेशी निरुपद्रवी असतात असंही नाही. त्या आजूबाजूला दाह वाढवणारी प्रथिनं सोडत राहतात, म्हणून आता त्यांना जगवण्याऐवजी वेचून काढायचं संशोधन जोरात आहे. उंदरांत त्याचे चांगले परिणाम दिसले आहेत. आणि 'टेलोमेअर वाढवणारं' म्हणून विकलं जाणारं फेस क्रीम? वरचा मेलेला थर ओलांडून जिवंत पेशींच्या गुणसूत्रांपर्यंत जाऊन ते टोक भरेल, यावर पैसे लावू नका.

प्रश्न : आमचा हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे. पीओपीची मूर्ती पॉलिश पेपरने घासून घासून बोटं गुळगुळीत होतात. ऐन सीझनला रेशन दुकानात अंगठा लागत नाही, गणपती गेले की परत लागतो. रोज एवढी कातडी जाते, तर ती संपत कशी नाही? आणि रेषा तशाच्या तशा परत कशा येतात?
— एक कारागीर, ता. पेण

उत्तर : रोह्याच्या वाचकांचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, म्हणून शेजारी छापतो. आधी रेषांचं. बोटावरच्या रेषा दिसतात वर, पण त्यांचा साचा असतो खाली, जिथे वरचा थर आणि खालचा थर एकमेकांत घड्यांनी बसलेले असतात. तो साचा आईच्या पोटातच पक्का होतो. पॉलिश पेपर वरचे मेलेले पापुद्रे काढतो, घड्यांपर्यंत पोचत नाही. काम थांबलं की नवे पापुद्रे त्याच साच्यावरून वर येतात आणि रेशन दुकानातलं यंत्र तुम्हाला पुन्हा ओळखतं. खोल भाजलं किंवा कापलं तर साचाच मोडतो, आणि तिथे व्रण येतो.

आता कातडी संपत का नाही ते. वरच्या थराच्या अगदी तळाला एकाच पेशीच्या जाडीची रांग असते. तिथे पेशी विभागते, तिची एक लेक वर सरकू लागते, वाटेत केराटिनने भरते, मरते, चपटी होते आणि महिना-दीड महिन्यात पृष्ठभागावर येऊन झडते. हेफ्लिक यांचा हिशेब सरळ लावला, तर ही रांग केव्हाच थकायला हवी होती. थकत नाही, कारण रांगेतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. थोड्या मूळपेशी असतात, ज्या क्वचितच विभागतात. घाईचं काम त्यांच्या लेकी करतात: चार-दोन वेळा भराभर विभागून वर निघून जातात. घरात दही रोज संपतं, पण चमचाभर विरजण बाजूला काढून ठेवलेलं असतं म्हणून उद्याचं दही लागतं. मूळपेशी म्हणजे ते विरजण. शिवाय या तळच्या थरात टेलोमरेजही थोडं चालू असतं.

हे बशीत उघड केलं हॉवर्ड ग्रीन यांनी. १९८७ मध्ये त्यांनी आणि यान बारांडों यांनी एकेक केराटिनोसाइट वेगळी काढून वाढवली. काहींपासून प्रचंड, टिकाऊ वसाहती झाल्या. काही पंधरा पिढ्यांच्या आत संपल्या. काही मधल्या. दिसायला सगळ्या सारख्या, एकाच माणसाच्या, एकाच तुकड्यातल्या. म्हणून 'त्वचेच्या पेशीचं आयुष्य किती' हा प्रश्नच जरा ढोबळ आहे. कुठल्या पेशीचं, हे आधी विचारावं लागतं.

ग्रीन यांच्याकडे जेम्स राइनवाल्ड नावाचा विद्यार्थी होता. तोवर केराटिनोसाइट बशीत नीट वाढतच नसत. फायब्रोब्लास्ट त्यांच्यावर कुरघोडी करत. १९७५ मध्ये या दोघांनी बशीत आधी उंदराच्या फायब्रोब्लास्ट पसरल्या, पण किरणोत्साराने विभाजन बंद पाडून. त्या वाढत नाहीत, पण जिवंत राहून शेजारधर्म पाळतात. त्यांच्या सोबतीने केराटिनोसाइट फोफावल्या. दोन वर्षांनी मीडियात ईजीएफ हे वाढीचं प्रथिन घातलं, तर त्यांच्या पिढ्या ५० वरून १५० पर्यंत गेल्या. कुठलंही जनुक घातलं नव्हतं, कुठलंही कुलूप मोडलं नव्हतं. फक्त विरजण वाया जाऊ दिलं नाही. २०१० मध्ये 'वाय-२७६३२' नावाचं एक छोटं रसायन या शेजारणींच्या जोडीला घातल्यावर तर केराटिनोसाइट थांबायचंच नाव घेईनात, असं आढळलं. पेशींचं आयुष्य वाढवण्याच्या सगळ्या युक्त्यांत मला ही शेजारणींची युक्ती सर्वांत मोलाची वाटते. १९९८ च्या जनुकाइतकी ती गाजली नाही, पण जळलेल्या माणसाच्या अंगावर जी कातडी पोचली ती हिच्यामुळे.

तेव्हा आता रोह्याच्या वाचकांचा तिसरा प्रश्न.

१९८३ मध्ये अमेरिकेत वायोमिंगमधले पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ जळाले. दोघांचीही ९५ टक्क्यांहून जास्त त्वचा गेली होती. बॉस्टनच्या श्राइनर्स बर्न्स इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या उरल्यासुरल्या त्वचेचे छोटे तुकडे घेऊन ग्रीन यांच्या पद्धतीने पातळ पत्रे वाढवले आणि निम्म्याहून जास्त अंग त्यांनी झाकलं. दोघे जगले. २०१५ मध्ये जर्मनीत बोखुमला सात वर्षांच्या एका निर्वासित मुलाच्या बाबतीत त्याच्याही पुढे गेले. जन्मजात आजाराने त्याची त्वचा फोडांनी सोलली जात होती. त्याच्या पेशींतलं बिघडलेलं जनुक दुरुस्त करून, त्वचा वाढवून, इटलीच्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याचं ८० टक्के अंग नव्याने झाकलं. नंतर तपासलं तेव्हा दिसलं, की सबंध नवी त्वचा मोजक्या दीर्घायुषी मूळपेशींच्या जिवावर उभी आहे, बाकीच्या काही महिन्यांत झडून गेल्या. पुन्हा विरजणच.

आता मघाचा हिशेब काढा. ग्रीन यांच्या पद्धतीने तीन चौरस सेंटिमीटर त्वचेतून मोठ्या माणसाचं सगळं अंग, सुमारे १.७ चौरस मीटर, झाकण्याइतकी त्वचा वाढवता येते. ही वाढ साधारण ५,७०० पट. त्यासाठी दुपटी किती लागतात? बारा-तेरा. साध्या, कुठलीही करामत न केलेल्या पेशींकडे याच्या कितीतरी पट शिल्लक असते. म्हणजे भाजलेल्या माणसापुढची अडचण पेशींचं आयुष्य कमी असण्याची नाहीच. अडचण दिवसांची आहे. हा पत्रा तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात, आणि साठ-सत्तर टक्के भाजलेला माणूस त्या आठवड्यांत जंतुसंसर्गाने जातो. त्वचा गेली की अंगातलं पाणी, प्रथिनं, उष्णता सगळं बाहेर पडत राहतं. शिवाय वाढवलेला पत्रा म्हणजे फक्त वरचा थर. त्याला घाम नाही, केस नाहीत, खालचा कोलॅजनचा आधार नाही. तो फार नाजूक असतो आणि खर्चही भारी.

म्हणून धाटावला भाजलेल्या कामगाराच्या उपयोगी आज पडते ती वेगळीच कातडी. ती मेलेल्या माणसाकडून मिळते आणि तिच्यातल्या पेशीही मेलेल्या असतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे, आणि रोहा-पेणहून निघालेल्या रुग्णवाहिकेला ती त्यातल्या त्यात जवळची. दान आलेली त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, फ्रिजच्या थंडाव्याला, पाच वर्षांपर्यंत टिकते. ग्लिसरॉल पाणी शोषून पेशींना मारतं, जंतूंनाही आवरतं, पण कोलॅजनची वीण शाबूत ठेवतं. ही त्वचा जखमेवर घातली की दुखणं कमी होतं, पाणी झिरपायचं थांबतं, जंतूंना अटकाव होतो. दोन-तीन आठवड्यांनी ती गळून पडते. तेवढ्यात खालची जखम भरून येते, नाहीतर रुग्णाच्या स्वतःच्या मांडीची पातळ त्वचा काढून लावायला सवड मिळते.

प्रयोगशाळांत पेशींना जास्त जगवण्यावर जेवढं डोकं आणि पैसा खर्च होतो त्याबद्दल माझी तक्रार नाही. औषधं तपासायला, आजार समजायला त्या पेशी लागतात, आणि २०१४ पासून आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या बंद झाल्यावर बशीतल्या त्वचेची गरज वाढलीच आहे. पण धाटावच्या कामगाराचा विचार केला, तर पेढीतल्या मेलेल्या कातडीचा तुटवडा मला जास्त टोचतो.

प्रश्न : माझं वय ७२. कातडी सुरकुतली आहे, मधुमेह आहे. माझी त्वचा कोणाच्या उपयोगी पडेल का? देह विद्रूप तर होत नाही ना? घरचे विचारतात.
— एक वाचक, पेण

उत्तर : पडते. सुरकुत्यांनी अडत नाही, वयाला वरची मर्यादा नाही. अठरा पूर्ण हवीत. पेशी नाहीतरी मरणारच असतात, त्यामुळे त्यांचं वय कोणी विचारत नाही. लागते ती कोलॅजनची चादर. मधुमेहामुळे सहसा अडत नाही. एचआयव्ही, कावीळ बी-सी, त्वचेचा कर्करोग, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग किंवा त्वचारोग असेल तर घेत नाहीत. रक्तगट जुळवावा लागत नाही.

देह विद्रूप होत नाही. मांड्या, पोटऱ्या आणि पाठ एवढ्याच जागांवरून, यंत्राने, त्वचेच्या जाडीचा साधारण आठवा हिस्सा काढतात. रक्त वाहत नाही, नंतर पट्ट्या बांधून देतात. कपडे घातल्यावर काही कळत नाही. पाऊण तासाचं काम. नेत्रदानही त्याच वेळी होऊ शकतं.

तुमच्या बाबतीत खरी अडचण वयाची नसून वेळेची आहे. त्वचा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावी लागते, आणि पथक नवी मुंबईहून निघून पेणला पोचेपर्यंत त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. म्हणून पथक पेणपर्यंत येतं का, नाहीतर देह जवळच्या रुग्णालयात न्यावा लागेल का, हे पेढीला फोन करून आजच विचारून ठेवा. नंबर फ्रिजवर चिकटवा. अर्ज भरला तरी शेवटी संमती घरच्यांचीच लागते, आणि फोनही त्यांनाच करायचा असतो. तेव्हा हे उत्तर त्यांनाच वाचायला द्या. मृत्यूनंतर पथक येईपर्यंत पंखा बंद ठेवायचा, शक्य असेल तर एसी लावायचा आणि मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना लगेच बोलवायचं, एवढं त्यांनी लक्षात ठेवलं तरी पुरे.